मानाची ओटी

अंबुआक्कावर सूड उगवायचा तर आधी एक बाळ जन्माला यायला हवं होतं. तेही तिच्याच घरात, आणि धडधाकट. म्हणून मी वाट बघितली. वाट बघणं हा काही माझा स्वभाव नाही. भात जरा खाली लागला तर पातेलं शेगडीवरून उतरायच्या आत मी यल्लव्वाला चार शब्द ऐकवून मोकळी होते. यल्लव्वा आमच्या अंगणवाडीची मदतनीस. स्वयंपाक तिच्याकडं, पोरं माझ्याकडं. त्या दिवसांत तीच एकदा मला म्हणाली, "बाई, तुमी इतक्या गप्प कवापास्नं ऱ्हायला लागलासा? मला भ्या वाटाय लागलंय."

निपाणीच्या अलीकडं हायवे आमच्या गावाचे दोन तुकडे करून जातो. एका अंगाला जुनं गाव, देऊळ, पंचायतीचं ऑफिस आणि पहिल्या नंबरची अंगणवाडी. दुसऱ्या अंगाला आमची वस्ती. मळ्यात राहायला आलेली घरं, तंबाखूच्या वखारीत जाणाऱ्या आणि दारात बसून विड्या वळणाऱ्या बायका, आणि दुसऱ्या नंबरची अंगणवाडी. ती माझी. म्हणजे सरकारची, पण लग्न होऊन आले तेव्हापासून तिथं मी पोरांची नाकं पुसत आले आहे, तेव्हा मी माझीच म्हणणार. जायला-यायला हायवेखालून बोगदा आहे. पावसाळ्यात तो गुडघाभर भरतो आणि मग लोक वरूनच रस्ता ओलांडतात. माझा नवरा महादेव तसाच ओलांडताना गेला. कोल्हापूरच्या बसमधून पलीकडं उतरला होता. घर समोर दिसत होतं.

त्याचं वर्षश्राद्ध झालं आणि पुढच्याच महिन्यात अंबुआक्कानं माझ्या हातातलं ताट काढून घेतलं.

आमच्याकडं अंगणवाडी नुसती पोरांची नसते. गरोदर बाई आणि ओली बाळंतीण यांना दुपारचं गरम जेवण अंगणवाडीतच येऊन जेवायचं असतं. भात, सांबार, भाजी, अंडं. बायका घराबाहेर पडाव्यात, चार घास त्यांच्याच पोटात जावेत म्हणून. घरी डबा नेला तर अंडं कुणाच्या पानात पडतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. आणि बायकांना यावंसं वाटावं म्हणून महिन्यातून एकदा आम्ही अंगणवाडीतच ओटी भरण्याचा कार्यक्रम करतो. खण, नारळ, तांदूळ, हिरव्या बांगड्या. वस्तीतल्या कितीतरी जणींची पहिली ओटी माझ्या हातानं भरली आहे. अंबुआक्काच्या स्वतःच्या लेकीचीसुद्धा.

त्या दिवशी खुर्चीत पूर्णिमा बसली होती. पूर्णिमा म्हणजे अंबुआक्काची सून, पंचायतीचा मेंबर रवळू याची बायको. माहेर खानापूरकडचं, बोलणं कमी. याआधी दोनदा दिवस राहून दोन्ही वेळा पोट रिकामं झालेलं, त्यामुळं या खेपेला तिच्याकडं बघतानासुद्धा बायका आवाज खाली करायच्या. मी कुंकवात बोट बुडवलं आणि अंबुआक्का पुढं आली. अंबुआक्का वस्तीतली मानाची सवाष्ण. नवरा दिवसभर कट्ट्यावर बसून जांभया देतो, पण आहे. तेवढ्या भांडवलावर ही बाई प्रत्येक घरच्या कार्यात पहिल्या पाटावर बसते.

"मालू, तू नगं," ती म्हणाली.

मला वाटलं, ताटात काही राहिलं असेल. मी विचारलं, "का आक्का, काय ऱ्हायलं?"

"ताट हिकडं दे. तू बाजूला हो. पोरगीचं दोनदा वाया गेलंय, आता आनि नगं."

सगळ्या बायका होत्या. पोरं भिंतीला टेकून बसली होती, कारण कार्यक्रम झाला की केळं मिळतं. यल्लव्वा चुलीपाशी थांबली. मी ताट दिलं. दिलं आणि दारापर्यंत मागं सरले. कुंकवाला माझं बोट लागलं म्हणून अंबुआक्कानं पूर्णिमाची ओटी त्या दिवशी राहू दिली. पूर्णिमाची मान खाली होती. घरी जाऊन मी आरशात माझे हात बघितले. आरशात हात बघणारी बाई तुम्ही पाहिली आहे का? मी तेव्हा पाहिली. हात तेच होते.

एवढ्यावर थांबली असती तर कदाचित मीही थांबले असते. पण दुसऱ्या दिवसापासून तिनं पूर्णिमाला जेवायला पलीकडच्या अंगणवाडीत न्यायला सुरुवात केली. मानाची सवाष्ण नेते म्हटल्यावर आमच्या वस्तीतलीच पोटुशी करिष्मा गेली, मग तिच्या मागनं बाकीच्या. सात-आठ महिन्यांची पोटं घेऊन बायका बोगद्यातल्या चिखलातून चालायला लागल्या, कारण माझ्या दारात अपशकुन होता. माझ्याकडं अंडी उरायला लागली. मी ती पोरांना वाटायची आणि मनात अंबुआक्काच्या नावानं बोटं मोडायची.

आता त्या पलीकडच्या अंगणवाडीबद्दल सांगते, म्हणजे मी किती जळते ते तुम्हाला कळेल. नवी स्लॅबची इमारत. भिंतीवर हत्ती, मोर, कन्नड मुळाक्षरं, इंग्रजी मुळाक्षरं, आणि कोपऱ्यात रवळूचं नाव. हात धुवायला पोरांच्या उंचीचे नळ, त्यात पाणी नाही. खेळण्यांचं कपाट, त्याला कुलूप, कारण खेळणी खराब होतात. तिथली बाई प्रियदर्शनी. वाईट नाही, पण मोबाईल हातातून सुटत नाही. तिची पोरं हाताची घडी घालून ओळीत बसतात आणि पाहुणा आला की उठून एका सुरात गुड मॉर्निंग म्हणतात. माझ्याकडं पत्रा आहे. पावसात बोललेलं ऐकू येत नाही, तेव्हा आम्ही तेवढा वेळ बेडकासारखे ओरडतो. पण माझी पोरं चिंचोक्यांनी मोजतात, घरी मराठी आणि माझ्याशी कन्नड बोलतात, आणि भांडण झालं तर स्वतःचं स्वतः मिटवतात. मागच्या वर्षी माझ्याकडून पहिलीत गेलेल्या पोरीनं गुरुजींना जाऊन सांगितलं की तुमची मोजपट्टी तुटलेली आहे.

मार्गशीर्षात तालुक्याच्या ऑफिसातून निरोप आला. एका गावात दोन केंद्रं आहेत तिथं दोन्हींची तुलना करणार, आणि जे सरस त्याला एलकेजी-युकेजी मिळणार. दुसरं त्यात मिसळणार. मिसळणार हा ऑफिसचा शब्द. आमच्या भाषेत बंद. म्हणजे माझ्या वस्तीतली तीन-चार वर्षांची पोरं रोज बोगद्यातून जाणार, आणि पावसाळ्यात वरून. ते वाचल्यावर मला त्या रात्री जेवण गेलं नाही. माझी नोकरी कुठंही लागली असती. पण महादेव जिथं पडला तिथून ही चिमणी माणसं दप्तर घेऊन चालणार, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं.

तुलना करायला बेळगावच्या ऑफिसातून सौम्या मॅडम आल्या. मी त्यांना ओळखत होते. बेळगावात कॅम्पाजवळ आमचं प्रशिक्षण होतं तेव्हा त्या आम्हाला शिकवायला होत्या. संक्रांतीचे दिवस, शेवटच्या दिवशी बायकांनी हळदीकुंकू काढलं. मी हळूच उठून बाहेर नळावर गेले, तर मॅडम आधीच तिथं उभ्या, धुतलेला डबा पुन्हा धुवत होत्या. त्यांचे मालक मिलिटरीत होते, आजारपणात गेले. त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं, मी दोन वाक्यांत माझं सांगितलं, आणि मग आम्ही उरलेली चपाती वाटून खाल्ली. मॅडम टिकली लावतात, हिरवी साडी नेसतात, गळ्यात सोन्याची चेन घालतात. का घालू नये? शहरात कुणी विचारत नाही, आणि खेड्यात विचारायची कुणाची छाती होत नाही.

पलीकडचं केंद्र आदल्या दिवशी बघून सकाळी त्या माझ्याकडं आल्या. पोरांमध्ये खाली बसल्या. एकानं त्यांना चिंचोके मोजायला लावले आणि त्या चुकल्या तेव्हा समजावून सांगितलं. यल्लव्वाचं सांबार खाऊन बघितलं. सगळं बघून झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मालुबाई, मुलांच्या बाबतीत दोन्हीकडं जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण जेवायला एकही बाई नाही. पलीकडं तुमच्याच वस्तीतल्या बायका जेवतात. वरचे विचारतील, वस्तीला हे केंद्र नको आहे का?"

"त्या का येत न्हाईत ते तुम्हाला सांगू?" मी म्हटलं.

"मला समजलंय. पण ते मी कुठल्या रकान्यात लिहू?" त्यांनी वही मिटली. "मार्चअखेर मी परत येईन. तोवर बायका इथं जेवायला लागल्या तर हे केंद्र मी कुणाला हलवू देणार नाही. नाही आल्या, तर माझा हात चालणार नाही."

दुपारी पलीकडं मोठा कार्यक्रम होता. अंबुआक्कानं मॅडमच्या हजेरीचा मुहूर्त साधून पूर्णिमाची सातव्या महिन्याची ओटी अंगणवाडीतच ठेवली होती. केळीचे खांब, मंडप, खुर्चीला शेवंतीच्या माळा. पहिल्या नंबरला एलकेजी मिळवून द्यायचं आणि रवळूनं त्याचं श्रेय घ्यायचं, असा बेत होता. मलाही बोलावणं होतं, कारण वजनकाटा माझा चांगला आहे. मी काटा घेऊन दारात उभी राहिले. आत कुठं उभं राहायचं नाही ते मला आता ठाऊक होतं.

मॅडम आल्या तशी अंबुआक्का धावली. "बर्री बर्री मॅडम, कुंदर्री," तिनं होतं नव्हतं तेवढं कन्नड एका दमात काढलं. मॅडम मराठीत म्हणाल्या, "बसते हो, बसते." मग अंबुआक्कानं ताट उचललं, मॅडमच्या पुढं धरलं आणि सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असं म्हणाली, "पयली ओटी तुमच्या हातनं. तुमच्यासारकी भाग्याची बाई आमच्या दारात कवा यायची?"

मॅडमचा हात अर्ध्यावर थांबला. त्यांनी ताटाकडं बघितलं, मग थेट माझ्याकडं. मंडपात आम्ही दोघीच जाणत होतो. मी एक शब्द बोलले असते, काहीतरी निमित्त काढलं असतं, तर त्या सुटल्या असत्या. मला त्या क्षणी जे सुचलं ते इतकं लख्ख होतं की माझं मलाच हसू आलं. मी म्हटलं, "भरा की मॅडम. आक्का एवढ्या मानानं म्हणत्यात."

"व्हय व्हय," अंबुआक्का म्हणाली. माझ्या तोंडून चांगला शब्द आला म्हणून तिनं माझ्याकडं कौतुकानं बघितलंसुद्धा.

मॅडम पूर्णिमाच्या कानाशी वाकल्या, काहीतरी बोलल्या. पूर्णिमानं मान डोलावली. आशीर्वाद असेल, असं सगळ्यांनाच वाटलं, मलाही. मग मॅडमनी कुंकू लावलं, ओटी भरली, बांगड्या चढवल्या. अंबुआक्कानं डोळे पुसले. मोबाईलवर फोटो निघाले. मी दारात उभी राहून बोटांवर बाळंतपणाचे महिने मोजत होते.

तुम्ही म्हणाल, तिथल्या तिथं का नाही बोललीस? बोलले असते तर पूर्णिमा घाबरली असती. पुढं काही बरंवाईट झालं असतं तर खापर मॅडमच्या आणि माझ्या डोक्यावर फुटलं असतं, आणि अंबुआक्का जन्मभर खरी ठरली असती. मला ती खोटी ठरायला हवी होती. त्यासाठी बाळ हवं होतं. रडणारं, लाथा झाडणारं, वजनदार बाळ.

म्हणून पुढचे दोन महिने मी त्या बाळाची अशी काळजी घेतली की सख्ख्या आजीनं घेतली नसती. यल्लव्वाच्या हाती पूर्णिमाच्या मागच्या दारानं अंडी पाठवली. रक्तवाढीच्या गोळ्या ती खाते की नाही याची चौकशी घरोघरी फिरणाऱ्या आशा कार्यकर्तीमार्फत ठेवली. बोगद्यात पाणी साचलेलं दिसलं तर रवळूला फोन करून मुरूम टाकायला लावला. त्याला वाटलं, मालुबाई निवळली. देवळात जाणं मी महादेव गेल्यापासून सोडलं होतं, तिथंही जाऊन आले. देवीला स्पष्ट सांगितलं, "मला त्या घरातलं बाळ सुखरूप पाहिजे. का ते विचारू नकोस."

माघात मुलगी झाली. निपाणीच्या दवाखान्यात, कसल्याही खळखळीशिवाय, तीन किलोला थोडी वर. अंबुआक्का बाळंतिणीला माहेरी पाठवायला तयार नव्हती. दोनदा पोळल्यामुळं तिनं सुनेला आणि नातीला डोळ्यांपुढून हलवलं नाही. बारसंही इथंच झालं. बारशाला मला आवतण नव्हतं, पण बाळ माझ्या हद्दीतलं. वजन घ्यायचं काम माझं, ते काम कुठल्याही सवाष्णीला जमत नाही. मी काटा आणि झोळी घेऊन बरोबर पाळण्याच्या वेळेला हजर झाले.

माजघर बायकांनी भरलेलं. घुगऱ्यांचा वास, नवा पाळणा, पूर्णिमा डोक्याला रुमाल बांधून भिंतीला टेकलेली. मी तुळईला काटा अडकवला, बाळाला झोळीत ठेवलं आणि आकडा मोठ्यानं सांगितला. बायका हरखल्या. आणि अंबुआक्का बोलली. मी तिला काही विचारायचीसुद्धा गरज पडली नाही.

"म्याडमचा हात गुणाचा," ती म्हणाली. "म्या सगळ्यास्नी सांगितलंय. पयली ओटी कुनाच्या हातची हाय, त्यावर सगळं असतंय बगा."

"खरंच तसं असतंय का आक्का?" मी विचारलं.

"मग? उगंच का जुनी मानसं सांगून गेल्यात?"

"म्हणजे म्याडमच्या हातामुळंच ही पोरगी हातापायानं नीट आली?"

"तर काय तर. लिवून देतो म्या."

मी बाळाला झोळीतून उचलून पाळण्यात ठेवलं. दोरी अंबुआक्काच्या हातात दिली. माझा आवाज अगदी शांत होता. पोरांना गोष्ट सांगताना असतो तसा. "आणि आदीच्या दोन्ही येळेला चोरओटी कुनी भरलती आक्का?"

तिसऱ्या महिन्यात गुपचूप भरतात ती चोरओटी; या खेपेला भीतीपोटी ती भरलीच नव्हती. घरातल्या बायका सोडून ती कुणाला ठाऊक नसते, पण यल्लव्वाला सगळं ठाऊक असतं. अंबुआक्काचा चेहरा बदलला. "म्याच," ती म्हणाली.

"दोन्ही येळेला?"

"व्हय की. घरात दुसरं कोन हाय?"

"मग आता ऐका. सौम्या म्याडमचं मालक जाऊन चार वर्सं झाली. माज्यासारक्याच हाईत त्या. तुमी स्वतःच्या हातानं ताट धरून विधवा बाईकडनं सुनंची ओटी भरून घेतलासा, आणि पोरगी ही अशी आली. आणि मानाच्या सवाष्णीनं दोनदा भरली तर दोनदा काय झालं, ते मी सांगाय नगं."

अंबुआक्काच्या हातातली दोरी थांबली. तिनं बाळाकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग परत बाळाकडं. ती आता काय म्हणणार होती? मॅडम अपशकुनी म्हणाली तर नात अपशकुनी. हात गुणाचा म्हणाली तर माझाही हात गुणाचा. आणि नुसती गप्प राहिली तर तिच्या स्वतःच्या हाताचा प्रश्न तसाच उरत होता. मागं कुणीतरी पदराआड खुदकन हसलं. ते हसू मी आयुष्यात ऐकलेल्या सगळ्या आवाजांत गोड होतं. मला गोड लागलं, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात पूर्णिमा बोलली. "मला ठावं हुतं."

सगळ्या वळल्या. तिचा आवाज तिच्या सासूनंसुद्धा एवढा कधी ऐकला नसेल.

"म्याडमनी त्या दिवशी कानात सांगितलंतं. म्हटल्या, माझे मालक न्हाईत, तुला चालंल का? न्हाई म्हटलीस तर मी काहीतरी कारण सांगून उठतो, तुझ्यावर यायचं न्हाई. मी म्हटलं, भरा."

अंबुआक्कानं दोरी सोडून दिली. मी पूर्णिमाकडं बघत राहिले. मला वाटलं होतं की ती माझ्या बाजूनं बोलते आहे. पण ती माझ्याकडंच बघत होती, आणि त्या नजरेत माझ्याबद्दल माया नव्हती.

"तुमी का इचारलं न्हाईसा, बाई?" ती म्हणाली. "त्या दिवशी खुर्चीत मीच हुतो. आत्याबाई बाजूला हो म्हटल्या आणि तुमी झालासा. मला इचारलं असतंसा, तर मी तुमच्याच हातनं भरून घेतली असती."

"मग तू तरी बोलायचंस," मी म्हटलं.

"मी सून हाय. मला कुनीतरी इचाराय लागतंय." तिनं पाळण्यात हात घालून बाळाचं दुपटं सारखं केलं. "आणि आज माझी गेलेली दोन तुमी मधी आणलासा. ती आत्याबाईंची नव्हती, माझी हुती."

मी काटा काढला, झोळीची घडी केली आणि बाहेर पडले. घुगऱ्या कुणी दिल्या नाहीत, मीही मागितल्या नाहीत. घरी जाईपर्यंत माझे कान तापलेले होते. महादेव असता तर त्याला रात्रभर सांगत बसले असते की मी काय चुकले, काय चुकले नाही. आता ते ऐकायला यल्लव्वा होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पर आक्काचं तोंड कसं झालंतं ते आनि एकदा सांगा की." मी आणखी एकदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी करिष्मा आली. पोट पुढं करून, काहीच झालं नाही अशा थाटात तिनं ताट घेतलं. "बोगद्यात लई वास मारतोय बाई," म्हणाली. मग बाकीच्या आल्या. त्यातली एकही माझ्याशी त्याबद्दल बोलली नाही. पुढच्या ओटीच्या वेळी मात्र ताट हातात घेऊन मी खुर्चीतल्या बाईला विचारलं, चालेल का. ती लाजली आणि व्हय म्हणाली. आता मी दर वेळी विचारते. पूर्णिमानं शिकवलेलं आहे, विसरायची सोय नाही.

मार्चअखेर सौम्या मॅडम आल्या तेव्हा भिंतीपर्यंत पंगत बसलेली होती. त्यांनी बघितलं, लिहून घेतलं, आणि निघताना चप्पल घालता घालता म्हणाल्या, "माझ्या कुंकवाची चर्चा बेळगावपर्यंत आली बरं का मालुबाई." मी मान खाली घातली. त्या हसल्या नाहीत, पण रागावल्याही नाहीत. केंद्र राहिलं. एलकेजी पलीकडं गेली, रवळूनं तिथं फीत कापली, आणि माझी पोरं बोगद्यातून जायची वाचली.

पूर्णिमा सव्वा महिना होताच आली. घरात तिनं सांगितलं म्हणे, मी बाईंच्याकडं जेवाय जाणार, आणि पुढं बोलणंच ठेवलं नाही. अंबुआक्काला नाही म्हणता येईना, आणि नातीला डोळ्यांआड करणंही जमेना. म्हणून ती रोज मागोमाग येते. पहिल्या दिवशी उंबऱ्यात पाय टाकायला लागली तेव्हा मी तिला सांगितलं, "आक्का, जेवणाच्या येळंला आईबाळ सोडून आत कुनी न्हाई बसायचं. नियम हाय." असा काही नियम नाही. मी केला.

समोरचं आंब्याचं झाड हायवे रुंद करताना तोडलं, तेव्हा दारात सावली नाही. ती पदर डोक्यावर घेऊन भिंतीच्या कडेला उभी राहते. आता उन्हं चांगलीच तापायला लागली आहेत. यल्लव्वा रोज मला हळूच विचारते, "खुर्ची दिऊ काय?" आणि मी रोज म्हणते, पूर्णिमाला विचार. तिची सासू आहे. यल्लव्वा जाऊन विचारते. पूर्णिमा बाळाला मांडीवर घेते, दाराबाहेर एकदा बघते, आणि आणखी थोडा भात मागून घेते. ती फार सावकाश जेवते.